फॉरेन्सिक सायन्सचं पहिलं सेमिस्टर: विषय निवडताना कशाच्या आधी काय करायचं

फॉरेन्सिकला प्रवेश मिळाला की घरात पेढे येतात. विषय निवडीचा फॉर्म मात्र काउंटरसमोरच्या रांगेत, पुढच्या मुलाच्या फॉर्ममध्ये डोकावून भरला जातो. मेजर, म्हणजे मुख्य विषय, ठरलेलंच असतं, त्यामुळे बाकीच्या रकान्यांत काहीही लिहिलं तरी चालतं असा समज असतो. बडोद्यातली मराठी मुलं आणि त्यांचे आईवडील दर वर्षी इथेच गडबडतात. ही गडबड लगेच दिसत नाही. पाचेक वर्षांनी, सरकारी प्रयोगशाळेतल्या जागेची जाहिरात समोर आल्यावर ती कळते.

खाली सगळं क्रमाने दिलं आहे. क्रम बदलू नका. फॉर्म भरणं हे यातलं पाचवं काम आहे. लोक ते पहिलं करतात, आणि बहुतेक चुका त्यातूनच होतात.

टप्पा १: आपण नेमकं कुठल्या अभ्यासक्रमात आहोत?

बडोद्यात राहून फॉरेन्सिककडे जाण्याच्या साधारण तीन वाटा आहेत. खाजगी विद्यापीठात बी.एस्सी. फॉरेन्सिक सायन्स, ही पहिली. गांधीनगरच्या राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठात, म्हणजे एनएफएसयूमध्ये, पाच वर्षांचा सलग बी.एस्सी.-एम.एस्सी., ही दुसरी. तिसरी अशी, की महाराजा सयाजीराव विद्यापीठासारख्या ठिकाणी केमिस्ट्री, फिजिक्स किंवा झूलॉजी घेऊन साधी बी.एस्सी. करायची आणि एम.एस्सी.ला फॉरेन्सिककडे वळायचं.

या तिन्हींत पहिल्या सेमिस्टरला निवडीची मोकळीक सारखी नसते. सलग पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात बहुतेक पेपर आधीच ठरलेले असतात आणि तुमच्या हातात फारसं काही नसतं. खाजगी विद्यापीठात मेजर पक्कं असतं, पण माइनर, म्हणजे जोडीचा दुय्यम विषय, आणि बाकीचे विषय निवडायचे असतात. साध्या बी.एस्सी.त सर्वांत जास्त मोकळीक आहे. स्पष्टच सांगायचं तर तिसरी वाट आपल्याकडे उगाच कमी लेखली जाते. 'फॉरेन्सिक' हा शब्द पदवीवर नसला की मुलांचा चेहरा उतरतो, पण पक्की केमिस्ट्री केलेल्या मुलाला पुढे जास्त दारं उघडी राहतात.

फॉर्मला हात लावण्याआधी हे कागद मिळवा:

- सगळ्या सेमिस्टरचा आराखडा, म्हणजे स्कीम. रंगीत माहितीपुस्तिका नको. कुठल्या सेमिस्टरला कुठला पेपर आणि किती क्रेडिट (तासांवरून ठरणारं पेपरचं वजन), हे सांगणारा तक्ता हवा.
- पहिल्या सेमिस्टरचा सविस्तर अभ्यासक्रम.
- शैक्षणिक कॅलेंडर आणि परीक्षेचे नियम. त्यात एटीकेटीचे (राहिलेला पेपर मागे ठेवून पुढच्या सेमिस्टरला जाण्याचे) आणि हजेरीचे नियम असतात.
- बारावीची मार्कशीट आणि आधार कार्ड.

तपासा: विद्यापीठ यूजीसीच्या यादीत आहे का, आणि पदवीचं नाव काय छापलं जाणार आहे? 'बी.एस्सी. फॉरेन्सिक सायन्स' आणि एखाद्या संस्थेचा 'डिप्लोमा इन फॉरेन्सिक्स' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. ऑनलाइन सर्टिफिकेट छंद म्हणून ठीक, पण पदवीच्या जागी ते चालत नाही.

टप्पा २: नोकरीच्या जाहिरातीपासून मागे या

हा टप्पा सगळे गाळतात आणि मी सगळ्यात जास्त वेळ इथेच घालवायला सांगेन.

यूपीएससीच्या संकेतस्थळावर जा. केंद्रीय न्यायवैद्यक प्रयोगशाळांमधल्या सायंटिफिक ऑफिसर किंवा सायंटिस्ट पदांच्या जुन्या जाहिराती काढा. गुजरातच्या न्यायवैद्यक संचालनालयातल्या पदांच्या जाहिराती जीपीएससीकडे, म्हणजे गुजरात लोकसेवा आयोगाकडे, मिळतील. दोन-चार जाहिरातींची प्रिंट काढा आणि शैक्षणिक पात्रतेच्या परिच्छेदाखाली पेन्सिलने रेघ मारा.

केमिस्ट्री किंवा टॉक्सिकॉलॉजीच्या (विषशास्त्राच्या) जागेसाठी यूपीएससीच्या जाहिरातींत साधारण अशी अट सापडते: केमिस्ट्री, बायोकेमिस्ट्री, फार्मसी वगैरेंची पदव्युत्तर पदवी, किंवा फॉरेन्सिक सायन्सची पदव्युत्तर पदवी, पण त्यासोबत बी.एस्सी.च्या तिन्ही वर्षांत केमिस्ट्री हा एक विषय असला पाहिजे. बायोलॉजीच्या जागेला बॉटनी किंवा झूलॉजी, फिजिक्सच्या जागेला फिजिक्स, अशाच धाटणीच्या अटी असतात.

'तिन्ही वर्षांत' हे दोन शब्द नीट वाचा. पहिल्या वर्षी माइनर म्हणून गंमत वाटली म्हणून क्रिमिनॉलॉजी घेतलं आणि दुसऱ्या वर्षी केमिस्ट्रीकडे वळलात, तर तुमच्याकडे दोनच वर्षांची केमिस्ट्री उरते. एम.एस्सी.ला सुवर्णपदक मिळालं तरी पहिलं वर्ष मागे जाऊन बदलता येत नाही.

आता आणखी एक बारीक गोष्ट. मेजरमध्ये 'फॉरेन्सिक केमिस्ट्री' नावाचा पेपर असतो, मग माइनरला पुन्हा केमिस्ट्री कशाला, असं मुलं विचारतात. अर्जाची छाननी करणारा माणूस मार्कशीटवरचं नाव बघतो. तिथे प्रत्येक वर्षी नुसतं 'केमिस्ट्री' दिसलं तर प्रश्नच उरत नाही. 'इंट्रोडक्शन टु फॉरेन्सिक केमिकल सायन्सेस' असं काही दिसलं, तर तो विषय केमिस्ट्रीच आहे हे पटवून देण्याची जबाबदारी तुमच्यावर येते, आणि तेही अर्जाची मुदत संपत आलेली असताना.

मग विभाग ठरवा. पक्का ठरवायला हवा असं नाही, पण कल तरी ठरवा:

विषप्रयोग, अमली पदार्थ, स्फोटकं, जाळपोळीचे अवशेष, दारूचे नमुने, ही सगळी केमिस्ट्रीची कामं. गुजरातेत दारूबंदी आहे, त्यामुळे दारूबंदी कायद्याखालचे नमुने इथल्या प्रयोगशाळांकडे सतत येत असतात. ज्याला काहीच ठरवता येत नाही त्याने केमिस्ट्रीच धरावी, असं माझं सरळ मत आहे.

रक्त, वीर्य, लाळ, केस, डीएनए हे बायोलॉजीकडे. बंदुका, गोळ्या, अपघातातल्या काचा आणि रंगाचे थर यांसाठी फिजिक्स लागतं. मोबाइल, हार्ड डिस्क, सीसीटीव्ही फुटेज हे कॉम्प्युटरवाल्यांचं क्षेत्र, आणि तिथे बरेचदा इंजिनिअरिंग किंवा कॉम्प्युटरची पदवी मागतात. हस्ताक्षर आणि बनावट दस्तऐवजांच्या विभागाची पात्रता जाहिरातीगणिक बदलते, म्हणून ती वेगळी वाचा.

थांबा: तुम्हाला शवविच्छेदन करायचं असेल तर तुम्ही चुकीच्या रांगेत उभे आहात. ते काम डॉक्टरांचं. त्यासाठी एमबीबीएस आणि पुढे फॉरेन्सिक मेडिसिनमध्ये एम.डी. लागतं. गुन्हेगाराच्या मनात शिरायचं असेल तर मानसशास्त्राची पदवी घ्या. गुन्ह्याचा तपास करून आरोपी पकडायचा असेल तर पोलीस भरती. फॉरेन्सिक सायन्सचा पदवीधर मुख्यतः प्रयोगशाळेत बसतो, नमुना तपासतो, अहवाल लिहितो आणि समन्स आलं की कोर्टात साक्ष देतो. टीव्हीवरच्या मालिकांनी या चार माणसांचं एकच पात्र करून टाकलं आहे. हा खुलासा पहिल्याच आठवड्यात घरच्यांनाही करून द्या.

टप्पा ३: बारावीचा ग्रुप आणि राहिलेली भोकं

गुजरात बोर्डाची मुलं ए ग्रुपमधून येतात किंवा बी ग्रुपमधून. ए ग्रुपकडे गणित असतं, जीवशास्त्र नसतं. बी ग्रुपकडे उलट. फॉरेन्सिकला दोन्ही लागतं. कॉलेज बहुधा असं धरून चालतं की बाकीचं तुम्ही आपापलं भरून काढाल.

बी ग्रुपवाल्यांना हे सांभाळावं लागेल: लॉगॅरिदम, त्रिकोणमिती, आलेखाचा उतार, सरासरी आणि प्रमाण विचलन, संभाव्यतेचा गुणाकार. हे कुठे लागतं याचं एक उदाहरण देतो. भिंतीवर रक्ताचा थेंब तिरका आदळला की त्याचा डाग लंबगोल उमटतो. डागाची रुंदी भागिले लांबी, म्हणजे आदळण्याच्या कोनाचा साइन. रुंदी ६ मिलिमीटर, लांबी १२ मिलिमीटर असेल तर भागाकार ०.५, म्हणजे कोन ३० अंश. लांबी मोजताना डागाची बारीक शेपटी धरायची नसते, फक्त मुख्य लंबगोल धरायचा. गणित नववी-दहावीतलं आहे, पण 'गणित सुटलं' म्हणून कॅल्क्युलेटर कपाटात ठेवून दिलेला मुलगा इथे अडतो. कोन काढताना कॅल्क्युलेटर रेडियनवर राहिला की उत्तर भलतंच येतं, हीदेखील नेहमीची चूक.

ए ग्रुपवाल्यांनी पेशी, प्रथिनं आणि न्यूक्लिक आम्लं, डीएनएची रचना, रक्तगट, आनुवंशिकतेचे नियम आणि मानवी सांगाड्यातली मुख्य हाडं, एवढं अकरावी-बारावीच्या पाठ्यपुस्तकातून वाचून ठेवावं. सगळं जीवशास्त्र वाचायला बसू नका. वनस्पतींचं वर्गीकरण सध्या बाजूला राहू द्या.

हे वाचन कॉलेज सुरू होण्याच्या आधीच्या आठवड्यांतच होतं. एकदा जर्नल, म्हणजे प्रात्यक्षिकांची वही, सुरू झालं की होत नाही.

तपासा: तुमच्या कॉलेजात ब्रिज कोर्स, म्हणजे बारावीला न केलेला विषय भरून काढणारा छोटा वर्ग, आहे का? असेल तर तो क्रेडिटमध्ये मोजला जातो की वरून असतो? वरून असेल तर त्याचे तास टप्पा ५ मध्ये आठवड्यात मोजा.

टप्पा ४: २२ क्रेडिटची मांडणी

गुजरातेत २०२३ पासून नव्या शैक्षणिक धोरणाची जी सामायिक चौकट आली, तिच्यात पहिल्या सेमिस्टरची मांडणी साधारण अशी आहे: मेजर ८, माइनर ४, मल्टिडिसिप्लिनरी ४, भाषा किंवा संवादकौशल्याचा पेपर २, कौशल्याचा पेपर २ आणि मूल्यशिक्षण किंवा भारतीय ज्ञानपरंपरेचा पेपर २. बेरीज २२. खाजगी विद्यापीठात आकडे थोडे मागेपुढे असू शकतात, म्हणून आपल्या स्कीमवरून पडताळा. रकाने मात्र तेच असतात.

मेजर: यात काही निवडायचं नसतं. फॉरेन्सिकची ओळख, घटनास्थळाचं व्यवस्थापन, कधी गुन्हेशास्त्र किंवा कायदा, असे पेपर येतात.

माइनर: टप्पा २ मध्ये ठरवलेला मूळ विज्ञान विषय इथे येतो. केमिस्ट्री, फिजिक्स, झूलॉजी, जो ठरला असेल तो. 'सायबर लॉ', 'क्रिमिनल सायकॉलॉजी' ही नावं आकर्षक दिसतात, पण माइनरच्या रकान्यात ती नकोत. त्यांच्यासाठी पुढचा रकाना आहे. स्कीममध्ये आणखी एक गोष्ट बघा. माइनर प्रत्येक सेमिस्टरला असतंच असं नाही, पण प्रत्येक वर्षात ते किमान एकदा येतं का? एखादं वर्ष कोरं जात असेल तर त्या वर्षी मेजरमध्ये तुमच्या मूळ विषयाचा, मार्कशीटवर स्पष्ट नाव असलेला पेपर हवा. नसेल तर विभागप्रमुखांना आत्ताच विचारा, तिसऱ्या वर्षी नव्हे.

मल्टिडिसिप्लिनरी: हा विषय तुमच्या शाखेबाहेरचा घ्यायचा असतो, आणि बारावीला जो केला तोच पुन्हा घेता येत नाही. मानसशास्त्र, कायद्याची ओळख, कॉम्प्युटर, स्टॅटिस्टिक्स यांपैकी जो मिळेल तो चांगला. बी ग्रुपच्या मुलाला स्टॅटिस्टिक्स मिळत असेल तर तोच घ्यावा. कंटाळवाणा वाटेल, पण पुढे डीएनए जुळण्याची शक्यता काढताना आणि एम.एस्सी.चा प्रबंध लिहिताना तोच कामाला येतो. आवड म्हणून तबला किंवा फोटोग्राफी घ्यायची असेल तर फोटोग्राफी घ्या. घटनास्थळाचं छायाचित्रण पुढे शिकायचंच आहे.

भाषेचा पेपर: निवड असेल तर इंग्रजी लेखनाचा घ्या. प्रयोगशाळेतलं वाचन-लेखन बहुतांश इंग्रजीतच चालतं. पण बडोद्यातल्या मराठी मुलांसाठी इथे एक वेगळी सूचना आहे. आपली मुलं बाजारात फर्डं गुजराती बोलतात, आणि इंग्रजी माध्यमात शिकल्यामुळे हाताने लिहिलेलं गुजराती वाचताना अडखळतात. इथल्या पोलीस ठाण्यातून येणारा पंचनामा, मुद्देमालाची यादी, नमुन्यासोबतचं पत्र हे गुजरातीत असतं, आणि अक्षर हवालदाराचं असतं. तेव्हा पेपर कुठलाही घ्या, पण रोज गुजराती वर्तमानपत्राचं एक पान वाचायची सवय लावा. शक्य झालं तर शेजारच्या काकांकडून जुन्या हस्ताक्षरातली चार पत्रं मागून घ्या.

कौशल्याचा पेपर: एक्सेल आणि माहितीचं विश्लेषण, प्रयोगशाळेतली सुरक्षितता, डिजिटल साक्षरता असे पर्याय येतात. यातलं काहीही चालेल.

मूल्यशिक्षणाचा पेपर: जास्त विचार करू नका. वेळापत्रकात बसेल तो घ्या.

टप्पा ५: तास मोजा, मगच फॉर्म भरा

एक क्रेडिट थिअरी म्हणजे सेमिस्टरभरात १५ तास, एक क्रेडिट प्रात्यक्षिक म्हणजे ३० तास. सेमिस्टर १५ आठवड्यांचं धरलं तर थिअरीचं क्रेडिट आठवड्याला एक तास खातं, प्रात्यक्षिकाचं दोन.

समजा मेजरचे दोन पेपर आहेत आणि दोन्हींत ३ क्रेडिट थिअरी, १ क्रेडिट प्रात्यक्षिक आहे. ते झाले १० तास. माइनर ३ अधिक १, म्हणजे ५ तास. मल्टिडिसिप्लिनरी सगळी थिअरी, ४ तास. भाषा २, कौशल्याच्या पेपरात १ थिअरी आणि १ प्रात्यक्षिक, म्हणजे ३, मूल्यशिक्षण २. आठवड्याला २६ तास झाले. '२२ क्रेडिट म्हणजे २२ तास' हा हिशेब इथे चुकतो, आणि त्या भरवशावर लावलेला संध्याकाळचा क्लास सप्टेंबरात सुटतो.

आता प्रवास. मांजलपूर किंवा दांडिया बाजारातून वाघोडियाच्या बाजूच्या एखाद्या कॅम्पसला जायचं असेल, तर बसची वेळ हेच तुमचं खरं वेळापत्रक. प्रात्यक्षिकाची बॅच निवडता येत असेल तर दुपारची शेवटची बॅच घेण्याआधी शेवटची बस कधी सुटते ते बघा. प्रात्यक्षिक अर्धवट टाकून बस गाठणारा मुलगा निरीक्षणं मित्राच्या वहीतून उतरवतो. या विषयात दुसऱ्याची निरीक्षणं आपली म्हणून लिहिण्याइतकी वाईट सवय नाही.

फॉर्म भरताना:

१. सरकारी विद्यापीठांचे अर्ज जीकॅस या राज्याच्या सामायिक प्रवेश पोर्टलवरून जातात, खाजगी विद्यापीठांचे त्यांच्या त्यांच्या संकेतस्थळावरून. एकात अर्ज केला म्हणजे दुसऱ्यात झाला असं होत नाही.

२. एबीसी (ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स) आयडी काढा. तुमची सगळी क्रेडिट्स त्याच बारा आकडी खात्यात जमा होतात. तो डिजिलॉकरवरून निघतो. बऱ्याच मुलांकडे शाळेतच अपार आयडी (विद्यार्थ्याचा देशभर चालणारा ओळख क्रमांक) निघालेला असतो, तो असेल तर पुन्हा नवा काढू नका.

३. नाव जुळवा. बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. आधारवर नाव आधी. त्यात आपल्या आडनावांचं इंग्रजी स्पेलिंग: जाधवमधला एच एका कागदावर असतो, दुसऱ्यावर नसतो. मार्कशीट प्रमाण धरा आणि आधार तिच्याप्रमाणे दुरुस्त करून घ्या. हे काम प्रवेशाआधी होतं, परीक्षेच्या फॉर्मच्या वेळी त्याची धावपळ होते.

४. माइनरच्या रकान्यात पहिली पसंती केमिस्ट्री असेल तर दुसरी पसंतीही मूळ विज्ञानातलीच द्या. जागा भरल्या की यंत्रणा दुसऱ्या पसंतीवर जाते, आणि तिथे तुम्ही सहज म्हणून लिहिलेलं 'इव्हेंट मॅनेजमेंट' तुमच्या गळ्यात पडतं.

५. भरलेल्या फॉर्मची पीडीएफ आणि फी पावती दोन्ही जपून ठेवा. स्क्रीनवरचं हिरवं टिकमार्क म्हणजे पावती नाही.

तपासा: विषय बदलायची मुदत कधीपर्यंत आहे? ती तारीख कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा. पहिले दोन आठवडे तासांना बसून विषय जमत नाही असं वाटलं तर त्या तारखेच्या आत अर्ज द्यायचा आहे. माइनर बदलायचं असेल तर टप्पा २ पुन्हा वाचूनच.

टप्पा ६: खरेदी, म्हणजे मुख्यतः काय घ्यायचं नाही

सुती, पूर्ण बाह्यांचा लॅब कोट घ्या. नायलॉनचा स्वस्त मिळतो, पण तो बर्नरपाशी धोकादायक आहे. सुरक्षा चष्मा, दहापट मोठं दाखवणारं साधं भिंग, स्टीलची पट्टी, बांधीव वही. बस्स. इंटरनेटवर मिळणारे 'फॉरेन्सिक किट' विकत घेऊ नका. पावडर, ब्रश, टेप हे सगळं प्रयोगशाळेत मिळतं.

पुस्तकांचं मात्र सांभाळा. १ जुलै २०२४ पासून देशात जुनी दंड संहिता, फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुरावा कायदा यांच्या जागी भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाले. रावपुऱ्यातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात किंवा वरच्या वर्गातल्या ताईकडून मिळणारी पुस्तकं बहुधा जुन्या कलमांची असतात. तज्ज्ञाच्या मताचं कलम पूर्वी पुरावा कायद्यात ४५ होतं, आता साक्ष्य अधिनियमात ३९ आहे. सरकारी तज्ज्ञाच्या अहवालाचं कलम फौजदारी प्रक्रिया संहितेत २९३ होतं, आता नागरिक सुरक्षा संहितेत ३२९. इलेक्ट्रॉनिक नोंदींसाठी पुरावा कायद्यात ६५ब होतं, आता साक्ष्य अधिनियमात ६३. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) मध्ये सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूद आहे. ती पहिल्या सेमिस्टरच्या पेपरात हमखास विचारण्यासारखी गोष्ट आहे.

जुनं पुस्तक फेकू नका. नवे कायदे येण्याआधीच्या गुन्ह्यांचे खटले जुन्या कलमांखाली अजून चालू आहेत. विज्ञानाचा भाग जुन्या पुस्तकातून वाचा. कायद्याचा भाग नव्यातून वाचा आणि जुनं कलम समासात लिहून ठेवा.

टप्पा ७: पहिले काही आठवडे आणि जर्नल

जर्नल त्याच दिवशी लिहा. निरीक्षणं शाईने, प्रयोग चालू असतानाच. चूक झाली तर तिच्यावर एकच आडवी रेघ मारा, शेजारी योग्य आकडा, आद्याक्षरं आणि तारीख. व्हाइटनर नको, खाडाखोड नको, पान फाडणं तर नकोच. ही शिस्त शाळेतल्या नीटनेटकेपणाच्या उलटी आहे, त्यामुळे हुशार मुलींना ती जास्त जड जाते. उद्या कोर्टात वकील हीच नोंद हातात घेऊन विचारणार असतो की आधी काय लिहिलं होतं, आणि ते वाचता आलं पाहिजे.

पहिल्या प्रात्यक्षिकांत बोटांचे ठसे असतात. सोपे वाटतात, म्हणून इथे घाई होते. काचेच्या पाटीवर वाटाण्याएवढी शाई टाकून रोलरने इतकी पातळ पसरायची की काच जवळजवळ दिसली पाहिजे. बोट नखाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत एकदाच, एकाच दिशेने फिरवायचं. अंगठे शरीराच्या दिशेने, बाकीची बोटं शरीरापासून दूर. परत मागे फिरवलं की ठसा दुहेरी उमटतो. शाई जास्त झाली की रेषांमधल्या फटी भरतात आणि नुसता काळा डाग उरतो. जुलैतल्या बडोद्याच्या दमट हवेत बोटं घामट असतात, म्हणून प्रत्येक बोट स्पिरिटने पुसून कोरडं करा. मग भिंगाखाली डेल्टा (रेषा तीन बाजूंनी येऊन मिळतात ती त्रिकोणी जागा) आणि गाभा (नक्षीचा मध्य) दिसतो का बघा. दिसत नसेल तर ठसा पुन्हा घ्या. रेषांची मोजणी वाईट ठशावर करत बसू नका.

थांबा: नवरात्र या सेमिस्टरच्या मध्यावर येते. बडोद्यात राहून गरबा खेळू नका असं सांगण्यात अर्थ नाही, कोणी ऐकत नाही. पण अंतर्गत परीक्षा आणि जर्नल तपासणी नेमकी त्याच सुमारास येऊ शकते, आणि अंतर्गत गुणांचा वाटा आता मोठा असतो. घटस्थापनेच्या आधी तोवरची सगळी प्रात्यक्षिकं सही होऊन वहीत असली पाहिजेत. गणपतीच्या सुट्टीतला एक दिवस त्यासाठीच राखून ठेवा. रात्री दोनला घरी येऊन सकाळी केमिस्ट्रीच्या प्रयोगाला उभं राहायचं असेल तर त्या दिवशी ॲसिडच्या बाटलीला हात लावू नका, जोडीदाराला लावू द्या.

हजेरीचा आकडा दर महिन्याला ऑफिसातून विचारून घ्या. ॲपवर दिसणारा आकडा आणि रजिस्टरमधला आकडा जुळत नाही असं बरेचदा होतं. महिन्याच्या आत सांगितलं तर तो दुरुस्त होतो.

टप्पा ८: दुसऱ्या सेमिस्टरचा फॉर्म येण्याआधी

परीक्षेचा फॉर्म भरताना त्यावर छापलेली पेपरांची नावं आणि कोड स्वतःच्या निवडीशी जुळवा. माइनरचं नाव चुकीचं छापलं असेल तर परीक्षेआधीच लेखी अर्ज द्या आणि त्याच्या प्रतीवर पोच घ्या. निकालानंतर तेच काम विद्यापीठाच्या मुख्य कार्यालयापर्यंत जातं.

एखादा पेपर राहिला तर एटीकेटीने पुढे जाता येतं, पण तो माइनरचा केमिस्ट्रीचा पेपर असेल तर सगळं सोडून आधी तोच सोडवा. मूल्यशिक्षणाचा राहिला तर एवढी घाई नाही.

निकाल लागला की डिजिलॉकर उघडून एबीसी खात्यात त्या सेमिस्टरची क्रेडिट्स जमा झाली का बघा. दिसत नसतील तर कॉलेजच्या परीक्षा विभागाला विचारा. मग एका फाइलमध्ये एवढं ठेवा: स्कीम, अभ्यासक्रमाची प्रत, फॉर्मची पीडीएफ, फी पावत्या, सही झालेलं जर्नल आणि टप्पा २ मधल्या जाहिरातींच्या प्रिंट. अभ्यासक्रमाची प्रत खास जपा. विद्यापीठ तो दर काही वर्षांनी बदलतं आणि जुना संकेतस्थळावरून काढून टाकतं. नोकरीच्या अर्जावेळी 'या पेपरात काय शिकवलं होतं' असा प्रश्न आला तर दाखवायला तोच कागद लागतो. दुसऱ्या सेमिस्टरचा फॉर्म उघडला की ही फाइल समोर ठेवून माइनरच्या रकान्यापासून सुरुवात करा.